मिशिगन आणि ट्रंबलचा कोपरा: बेनेट पार्कची जागा आणि बेनेट पार्कचे मैदान

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डेट्रॉइटला मुलीकडे गेला असताना आपण मिशिगन अव्हेन्यू आणि ट्रंबल अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरचे मुलांच्या बेसबॉलचे मैदान पाहिलेत. ‘येथे 1896 पासून बेसबॉल होत आला आहे, टाय कॉबने आपला पहिला फटका याच होम प्लेटवरून (म्हणजे फटकेबाज उभा राहतो त्या जागेवरून) मारला,’ असे तेथे कोणी तरी आपल्याला सांगितले. ते खरे आहे का, आणि खरे असेल तर 1896 चे ते मूळ मैदान, बेनेट पार्क, अवघ्या सोळा हंगामांत का मोडले, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मैदाने बांधणे आणि त्यांच्या पाण्याचा निचरा करणे हे काम मी गेली तीस वर्षे करतो आहे, त्यातली निम्मी मिशिगनमध्ये. या कोपऱ्यावर मी अनेकदा गेलो आहे आणि त्याच्याविषयी मला मनापासून आस्था आहे. म्हणून आधी थेट उत्तर देतो: जागा तीच आहे, मैदान ते नाही. 1912 साली नवे क्रीडागार बांधताना सगळे मैदान एका काटकोनात फिरवले गेले. आज आपण ज्या होम प्लेटवर उभे राहता ती 1912 च्या मैदानाची आहे. बेनेट पार्कची होम प्लेट तेथून बरीच दूर, पुढे ज्याला उजवे आउटफिल्ड (मैदानाचा तळांपलीकडचा, कुंपणाकडचा भाग) म्हटले गेले त्या भागात, ट्रंबलच्या बाजूला होती. हा फरक किरकोळ वाटेल, पण बेनेट पार्क का टिकले नाही याची बरीचशी कारणे त्यातच दडलेली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

बेसबॉलच्या आधी ही जागा ‘वुडब्रिज राई’ म्हणून ओळखली जात होती. मिशिगनचे एक जुने गव्हर्नर विल्यम वुडब्रिज यांच्या शेतजमिनीतली ही झाडी. लोक तेथे सहलीला येत. पुढे शहर पश्चिमेकडे सरकत या राईपर्यंत आले, तेव्हा शहराने तेथे वैरणीचा बाजार भरवायला सुरुवात केली. मिशिगन अव्हेन्यू हा शिकागोकडे जाणारा जुना रस्ता. शेतकरी त्याच रस्त्याने गवताच्या गाड्या घेऊन येत. भरलेल्या गाड्यांची चाके चिखलात रुतू नयेत म्हणून बाजाराच्या आवारात गोल गोट्यांची फरसबंदी केलेली होती. हे गोटे लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचे आहे.

डेट्रॉइटला बेसबॉल त्याआधीच ठाऊक होता. 1881 ते 1888 या काळात ‘डेट्रॉइट वुल्व्हरिन्स’ हा संघ नॅशनल लीगमध्ये खेळला, 1887 साली विजेता झाला आणि पुढच्याच वर्षानंतर पैशाअभावी बंद पडला. त्या संघाचा कॅचर चार्ली बेनेट हा शहराचा लाडका होता. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाच्या जागेवरचा खेळाडू, आणि त्या काळी त्याच्या हातात आजच्यासारखा जाड मोजा नसे. बेनेटची बोटे कैक वेळा मोडली होती. डेट्रॉइटचा संघ गेल्यावर तो बोस्टनकडून खेळला. जानेवारी 1894 मध्ये कॅन्सस राज्यातल्या वेल्सव्हिल या लहानशा स्थानकावर तो गाडीतून उतरला, सुटलेली गाडी पकडताना पाय घसरून चाकाखाली गेला आणि त्याला दोन्ही पाय गमवावे लागले. तो डेट्रॉइटला परतला आणि तेथेच राहिला.

‘टायगर्स’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला संघ तेव्हा वेस्टर्न लीग या दुय्यम लीगमध्ये खेळत होता. संघाचा मालक जॉर्ज व्हॅंडरबेक याने वैरण बाजाराची जागा मिळवली, तेथे लाकडी गॅलरी उभारली आणि मैदानाला बेनेटचे नाव दिले. 28 एप्रिल 1896 रोजी पहिला अधिकृत सामना झाला आणि डेट्रॉइटने कोलंबसला 17-2 असे हरवले. त्या दिवशी पहिला चेंडू झेलायला स्वतः चार्ली बेनेट होता, कृत्रिम पायांवर उभा. यापुढे तीस वर्षे, म्हणजे 1926 पर्यंत, दर हंगामाच्या पहिल्या दिवशी हा मान त्याच्याकडेच राहिला. 1927 च्या आरंभी तो वारला. मैदानाला खेळाडूचे नाव देण्याची पद्धत आज सर्रास आहे, पण जिवंत खेळाडूला, तेही तो पुन्हा कधीच खेळू शकणार नाही हे ठाऊक असताना, एका शहराने इतक्या मायेने जपल्याची उदाहरणे मला फारशी आठवत नाहीत.

या वर्षाची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मार्च 1896 मध्ये चार्ल्स किंग याने डेट्रॉइटच्या रस्त्यावर पहिली पेट्रोल-मोटार चालवली आणि जूनमध्ये हेन्री फोर्डने आपली चारचाकी बाहेर काढली. बेनेट पार्कचा पहिला सामना या दोन तारखांच्या मधोमध बसतो. मैदान बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोन-अडीच लाख वस्तीचे, स्टोव्ह आणि रेल्वेचे डबे बनवणारे, ट्रॅमने हिंडणारे शहर होते. 1900 च्या शिरगणतीत डेट्रॉइटची लोकसंख्या 2,85,704 होती. 1910 मध्ये ती 4,65,766 झाली आणि 1920 मध्ये 9,93,678. ज्या शहरासाठी हे मैदान घडवले, ते शहरच दहा-पंधरा वर्षांत राहिले नाही.

आता गोट्यांकडे वळतो, कारण ही माझ्या कामातली गोष्ट आहे. बाजाराची फरसबंदी उखडून काढायला वेळ आणि पैसा लागला असता. ती तशीच ठेवून वर पोयट्याच्या मातीचा पातळ थर पसरला गेला आणि त्यावर मैदान आखले. पहिल्या उन्हाळ्यात असे मैदान सुरेख दिसते. परंतु मिशिगनच्या हिवाळ्यात जमीन गोठते. दगड मातीपेक्षा लवकर थंड होतो, त्यामुळे त्याच्या बुडाशी असलेले पाणी आधी गोठून फुगते आणि दगडाला वर ढकलते. वसंतात बर्फ वितळले की खालच्या पोकळीत बारीक माती शिरते आणि दगडाला परत खाली बसायला जागाच उरत नाही. दर वर्षी हेच. बेनेट पार्कमध्ये वर आलेल्या गोट्यांवर आपटून चेंडू भलतीकडे उडत आणि क्षेत्ररक्षकांना त्याचा नेम लागत नसे, अशी त्या मैदानाची ख्याती होती. खेळाडू तक्रार करत, मैदानावरची माणसे दगड वेचत आणि माती टाकत, पण तळाशी फरसबंदी असेपर्यंत हा उपाय वरवरचाच होता.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाही. मी नोकरीच्या सुरुवातीला महाराष्ट्रात असताना एका जुन्या बाजारपेठेच्या जागेवर शाळेचे मैदान करण्याचे काम माझ्याकडे आले. तेथे बर्फ नव्हते, तरी खालची खडी न काढता वर चार इंच माती टाकायचा हट्ट संबंधितांनी धरला आणि मी तरुण असल्याने तो मान्य केला. दुसऱ्या पावसाळ्यात बारीक माती वाहून गेली आणि खडी उघडी पडली. एक मुलगा गुडघ्यावर पडला तेव्हा मी तेथे होतो. त्याच्या जखमेतून निघालेला काळा खडा मी माझ्या तळहातावर ठेवून पाहिला होता. तेव्हापासून कोणत्याही मैदानाविषयी विचारले की मी आधी गॅलरी किंवा कुंपण विचारत नाही, खाली काय आहे ते विचारतो. बेनेट पार्कच्या खाली वैरणीचा बाजार होता, आणि तो अखेरपर्यंत तेथेच राहिला.

दुसरा दोष दिशेचा होता. गॅलरी कोपऱ्यावर, म्हणजे ट्रॅम जेथे थांबत तेथे असावी, असा व्यवहारी विचार करून होम प्लेट मिशिगन-ट्रंबलच्या कोपऱ्याशी ठेवली गेली. प्रेक्षक ट्रॅममधून उतरून थेट गॅलरीत येत. पण त्यामुळे फटकेबाजाचे तोंड वायव्येकडे झाले. सामने दुपारी उशिरा सुरू होत, आणि शेवटच्या डावांपर्यंत सूर्य नेमका फटकेबाजाच्या डोळ्यांत येई. क्रिकेटची खेळपट्टी आपण उत्तर-दक्षिण का ठेवतो हे जाणणाऱ्याला ही चूक लगेच कळेल. चेंडू उन्हातून येत असताना फळी फिरवणे हा कौशल्याचा नव्हे, धोक्याचा भाग आहे, कारण त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण नसे.

दिव्यांचा एक प्रयोगही येथे झाला. 24 सप्टेंबर 1896 रोजी व्हॅंडरबेकने मैदानावर तात्पुरते विजेचे दिवे टांगून सिनसिनाटीच्या संघाविरुद्ध प्रदर्शनी सामना खेळवला. तो गमतीचा मामला होता आणि पुढे चालला नाही. याच जागेवर कायमचे दिवे लागायला 15 जून 1948 उजाडला. अमेरिकन लीगमधल्या मैदानांत हे सर्वांत शेवटचे.

1901 मध्ये अमेरिकन लीगने स्वतःला अव्वल दर्जाची लीग म्हणून जाहीर केले आणि बेनेट पार्क एका रात्रीत मोठ्या खेळाचे ठिकाण झाले. गॅलऱ्या वाढवून सुमारे साडेआठ हजारांची सोय केली होती. पावसामुळे एक दिवस पुढे गेलेला पहिला सामना 25 एप्रिलला मिलवॉकीविरुद्ध झाला, आणि दहा हजारांवर लोक आले. ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना आउटफिल्डमध्ये दोराच्या मागे उभे केले. गर्दीत गेलेला चेंडू दोन तळांचा फटका मानायचा, म्हणजे फटकेबाजाला थेट दुसरा तळ द्यायचा, असे ठरले. नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावाला डेट्रॉइट 4-13 असे मागे होते. मग एकामागून एक फटके त्या दोरामागच्या गर्दीत जाऊ लागले. डेट्रॉइटने त्या एका डावात दहा धावा केल्या आणि सामना 14-13 असा जिंकला. विजयाचा फटका फ्रँक डिलनचा होता आणि तो त्याचा त्या दिवशीचा चौथा दोन-तळी फटका होता. लोकांनी त्याला खांद्यावर उचलून नेले. या सामन्याची आठवण डेट्रॉइटमध्ये नेहमी पराक्रम म्हणून काढली जाते, आणि ती काढावीच. परंतु मैदानाच्या अंगाने पाहिले तर वेगळी गोष्टही दिसते: जागा अपुरी होती म्हणून गर्दी मैदानात आली, गर्दी मैदानात आली म्हणून साधे झेल दोन-तळी फटके झाले. मैदानाचा आखूडपणा त्या दिवशी धावफलकावर चढला.

रविवारची अडचण वेगळीच होती. कामगारांना सुट्टी रविवारीच, आणि शहराच्या हद्दीत रविवारी सामना खेळवायला मनाई. म्हणून 1900 ते 1902 या हंगामांत टायगर्सनी रविवारचे सामने हद्दीबाहेर स्प्रिंगवेल्समध्ये, गुरांच्या बाजाराजवळ असलेल्या ‘बर्न्स पार्क’ या मैदानावर खेळले. तेथे दारू आणि दंगा यांचा सुकाळ असे. बेनेट पार्कमध्ये रविवारचा सामना व्हायला ऑगस्ट 1907 उजाडला. एव्हाना शहरात कारखान्यांच्या कामगारांची संख्या एवढी वाढली होती की रविवार बंद ठेवणे म्हणजे निम्मे शहर बाहेर ठेवणे झाले असते.

आता आपल्या प्रश्नातला टाय कॉब, टायगर्सचा पुढे गाजलेला फटकेबाज. 30 ऑगस्ट 1905 रोजी, अठरा वर्षांचा असताना, तो बेनेट पार्कमध्ये प्रथम खेळला. समोर चेंडू टाकायला न्यूयॉर्कचा पिचर जॅक चेस्ब्रो होता, ज्याने आदल्या वर्षी 41 सामने जिंकले होते. कॉबने पहिल्याच वेळी दोन तळांचा फटका मारला. पाहायला हजार-बाराशे माणसे होती. हा फटका जेथून निघाला ती होम प्लेट आजची नव्हे, एवढेच मला पुन्हा सांगायचे आहे.

कॉब आल्यानंतर टायगर्स 1907, 1908 आणि 1909 अशी सलग तीन वर्षे लीगचे विजेते झाले आणि तिन्ही वेळा वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही अव्वल लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, हरले. 1908 ची सिरीज शिकागो कब्जने 14 ऑक्टोबरला बेनेट पार्कमध्ये जिंकली. त्या दिवशी केवळ 6,210 प्रेक्षक होते, वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातला हा सर्वांत कमी आकडा. कब्जना त्यानंतरचे विजेतेपद 2016 मध्ये मिळाले, यामुळे बेनेट पार्कचे नाव शंभर वर्षे शिकागोत निघत राहिले.

पण बेनेट पार्कचा निकाल लावला तो 1909 च्या सिरीजने. प्रतिस्पर्धी पिट्सबर्ग होते, आणि त्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये ‘फोर्ब्स फील्ड’ हे पोलाद आणि काँक्रीटचे क्रीडागार उघडले होते. तेथे पहिल्या दोन सामन्यांना 29 ते 31 हजार लोक बसले. तीच सिरीज, तेच संघ. शेवटचा, सातवा सामना डेट्रॉइटला आला तेव्हा कोंबून कोंबून साडेसतरा हजार. त्या काळी सिरीजच्या उत्पन्नाचा हिशेब दारावरच्या तिकिटांवर होता. टायगर्सचा प्रमुख फ्रँक नेव्हिन हा मुळात एका विमा कचेरीतला हिशेबनीस. त्याला हे गणित कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शिवाय बुडणारे तिकीट त्याला रोज डोळ्यांनी दिसत होते. चार रस्त्यांमधली सगळी जागा बेनेट पार्कच्या मालकीत नव्हती. डाव्या आउटफिल्डच्या कुंपणामागे लोकांची घरे आणि परसातले गोठे होते. त्या घरमालकांनी आपल्या गोठ्यांच्या छपरांवर फळ्या ठोकून उंच गॅलऱ्या उभारल्या आणि थोडक्या सेंटांत जागा विकायला सुरुवात केली. त्यांना ‘वाइल्डकॅट’ गॅलऱ्या म्हणत. संघाने कुंपणावर ताडपत्रीसारख्या कापडाचे उंच पडदे लावले, तर गॅलऱ्यांची उंची वाढली. तेथे बसणारे लोक आरडाओरडा करण्यात आणि क्षेत्ररक्षकांवर वस्तू भिरकावण्यात पुढे असत. मला या घरमालकांविषयी राग येत नाही. वैरण बाजाराशेजारी राहत असलेल्या, बऱ्याचशा आयर्लंडमधून आलेल्या या वस्तीच्या दारात एके दिवशी बेसबॉल येऊन बसला होता. त्यांनी आपल्या छपराचा उपयोग केला. मात्र नव्या मैदानाची जागा हवी असेल तर ही घरे विकत घेतल्याशिवाय मार्ग नाही, हे नेव्हिनला कळून चुकले होते.

आणि लाकूड. 1894 मध्ये बोस्टनचे साउथ एंड ग्राउंड्स सामना सुरू असताना पेटले आणि आग आजूबाजूच्या वस्तीत पसरली. बेनेट अपघाताआधी तेथेच खेळला होता. 1911 च्या वसंतात अवघ्या महिनाभरात वॉशिंग्टनचे मैदान आणि न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स या दोन्हींच्या लाकडी गॅलऱ्या जळाल्या. वाळलेले पाईनचे लाकूड, गॅलरीखाली साचणारा कचरा आणि वर चिरूट ओढणारे हजारो पुरुष, यात आग लागली नाही तरच नवल. बेनेट पार्कमध्ये मोठी आग लागली नाही. तोपर्यंत त्याच्या गॅलऱ्या वाढवत वाढवत सुमारे चौदा हजारांपर्यंत नेल्या होत्या, म्हणजे जळण्यासारखे लाकूडही बरेच वाढले होते.

1911 चा हंगाम संपताच सगळे पाडले गेले, वाइल्डकॅट गॅलऱ्यांसह. शेजारची घरे विकत घेऊन सगळी जागा मोकळी केली गेली, आणि आता जागा पुरेशी असल्याने मैदान फिरवणे शक्य झाले. होम प्लेट मिशिगन अव्हेन्यूच्याच बाजूला पण पश्चिमेच्या टोकाशी गेली, फटकेबाजाचे तोंड ईशान्येकडे झाले आणि ऊन त्याच्या पाठीमागे गेले. क्लीव्हलँडच्या ऑस्बॉर्न इंजिनिअरिंग कंपनीने आराखडा केला, 23 हजारांची काँक्रीट-पोलादी गॅलरी एका हिवाळ्यात उभी राहिली आणि 20 एप्रिल 1912 रोजी ‘नेव्हिन फील्ड’ उघडले. बोस्टनचे फेनवे पार्कही त्याच दिवशी सुरू झाले. हे नेव्हिन फील्ड पुढे ‘ब्रिग्ज स्टेडियम’ आणि 1961 पासून ‘टायगर स्टेडियम’ झाले. बेनेट पार्क सोळा हंगाम टिकले आणि त्याची जागा घेणारे मैदान 1999 च्या सप्टेंबरपर्यंत अठ्ठ्याऐंशी हंगाम चालले. फरक बांधकामाच्या साहित्याचा होताच, पण माझ्या मते त्याहून मोठा फरक हा की दुसऱ्या वेळी आधी जमीन पुरती हाती घेतली आणि मग मैदान आखले.

टायगर स्टेडियम 2008-09 मध्ये पाडले गेले, तेव्हा मैदानाचा चौकोन तसाच राहिला. 2010 पासून काही स्वयंसेवक स्वतःची गवत कापायची यंत्रे घेऊन येत, कमरेएवढे वाढलेले तण काढत आणि तळांच्या वाटा नीट करत. मी त्यांना हे करताना पाहिले आहे; पगार नाही, परवानगीचीही शाश्वती नाही, आणि तरी पिचरच्या उंचवट्याचा उतार दोरी लावून तपासला जात होता. 2018 मध्ये तेथे मुलांसाठी आजचे मैदान झाले तेव्हा नैसर्गिक गवताऐवजी कृत्रिम गवत आले. स्वयंसेवकांचा त्याला विरोध होता, आणि मलाही ते गवत तेथे नको होते. मुलांना वर्षभर खेळता येते ही गोष्ट खरी आहे, त्यामुळे मी या निर्णयाला चूक म्हणणार नाही. पण सव्वाशे वर्षे माणसांनी सांभाळलेली माती झाकली गेली याचे दुःख होते. मधल्या क्षेत्रातला 125 फूट उंच ध्वजस्तंभ मात्र जुनाच आहे, तो जरूर पाहा.

आपण पुन्हा गेलात तर होम प्लेटवर छायाचित्र काढून झाल्यावर उजव्या आउटफिल्डकडे, ट्रंबलच्या दिशेने चालत जा. अगदी कोपऱ्यावर आता घरे आणि दुकाने असलेली नवी इमारत आहे, तिच्या जवळ जाईल तेवढे जा आणि मग वळून वायव्येकडे तोंड करा, म्हणजे मिशिगन अव्हेन्यू डाव्या हाताला आणि ट्रंबल उजव्या हाताला येईल. वेळ संध्याकाळी सातची निवडा. 1909 साली डेट्रॉइटचे घड्याळ शिकागोच्या वेळेवर चालत असे आणि उन्हाळ्यात ते तासभर पुढेही करत नसत. त्यामुळे बेनेट पार्कमधले तेव्हाचे पाच म्हणजे आजचे उन्हाळ्यातले सात. त्या वेळी डोळ्यांवर हात न धरता समोर किती दिसते ते पाहा.